परवाना नसलेली प्रवचनं

गेल्या अंकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी शेवटी जाता जाता लिहिलं होतं की, ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी प्रागच्या एका प्रवचनकाराला जिवंत जाळलं होतं आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. एकतीस वर्षं मी नागपुरात बी.ए.च्या मुलांना युरोपचा इतिहास शिकवला. या शतकांबद्दल कुणी आपणहून विचारतंय, याचा फार आनंद झाला.

प्रश्न : मॅडम, आमच्या पुस्तकात यान हुसवर दीड ओळ आहे. १४१५ साली त्याला जाळलं, एवढंच. का जाळलं ते नाही. सांगाल का? (बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, महाल)

बेटा, हाच प्रश्न मला एकदा वर्गात विचारला गेला होता. काटोलकडचा मुलगा, शेवटच्या बाकावर बसायचा, वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. मी फळ्यावर सनावळ्या लिहीत होते आणि मागून आवाज आला, "मॅडम, पण त्याले जाळलं कायले?" वर्ग त्याच्या बोलीला हसला. मी खडू खाली ठेवला. माझ्याजवळ जे उत्तर होतं ते पाठ केलेलं होतं: चर्चच्या अधिकाराला आव्हान, पाखंड, वगैरे. त्याला हवं होतं ते माणसाला कळेल असं कारण. त्या दिवशी त्याला सांगितलं तेच तुला सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो बऱ्याच पत्रांत दिसला. त्या काळी चर्चमध्ये सगळंच लॅटिनमध्ये चालायचं आणि लोकांना काही कळायचं नाही, असं आपण धरून चालतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई, हे खरं. पण लोकांपुढचं प्रवचन लोकांच्याच भाषेत होई, इटलीत काय, जर्मनीत काय, इंग्लंडमध्ये काय. भांडण भाषेचं होतंच, पण त्याहून मोठं भांडण होतं ते बोलायला उभं कोण राहणार, याचं. बाराव्या शतकात लियाँ शहरातल्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याने आपली संपत्ती वाटून टाकली, बायबलचे भाग बोलीभाषेत करून घेतले आणि रस्त्यावर उपदेश सुरू केला. तो फार वेगळं काही सांगत होता म्हणून नव्हे, तर परवानगीशिवाय सांगत होता म्हणून आधी अडचणीत आला. ११८४ साली त्याच्या अनुयायांना पाखंडी ठरवलं. आणि १२१५ च्या लॅटरन या धर्मपरिषदेने मान्य केलं की बिशपांना स्वतः सगळीकडे उपदेश करणं जमत नाही, तेव्हा त्यांनी योग्य माणसं नेमावीत. पुढच्याच वर्षी डोमिनिकन संघाला मान्यता मिळाली, त्याचं नावच 'उपदेशकांचा संघ'. म्हणजे लोकांना प्रवचन हवं होतं, हे चर्चला ठाऊक होतं. फक्त परवाना आपल्या हातात राहायला हवा होता.

आता प्राग. तिथे हुसच्या आधी मिलीच नावाचा एक उपदेशक होऊन गेला. दरबारातली मोठी नोकरी सोडून तो प्रवचनं करू लागला. १३७२ साली त्याने वेश्यावस्तीच्या जागी आधीच्या वेश्यांसाठीच एक घर उभं केलं आणि त्याला नाव दिलं जेरुसलेम. त्याच्यावर तक्रारी झाल्या, उत्तर द्यायला तो आविन्योंला पोपच्या दरबारी गेला आणि १३७४ मध्ये तिथेच वारला. घरही मोडलं. पण ज्यांनी त्याला ऐकलं होतं ती माणसं शहरात होतीच. १३९१ मध्ये एक दरबारी सरदार आणि एक व्यापारी यांनी मिळून बेथलेहेम चॅपेल बांधलं. नाव चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, पण आत तीन हजार माणसं मावत. सनदेत अट अशी की इथल्या उपदेशकाने दर रविवारी आणि सणाच्या दिवशी दोनदा चेक भाषेत प्रवचन करायचं. ही वास्तू ऐकण्यासाठीच बांधली होती.

१४०२ मध्ये हुस तिथे आला. हुसिनेत्स नावाच्या खेड्यातला, गरीब घरचा, विद्यापीठात शिकून तिथेच शिकवू लागलेला. भिंतींवर चित्रं होती: एकीकडे पायी चालणारा येशू, दुसरीकडे घोड्यावर बसलेला पोप. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं. लोक आत चेक भाषेत भजनं म्हणत, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडातही शब्द आले. चेक लिपीत अक्षरांवर ज्या छोट्या खुणा दिसतात, त्यांची मूळ पद्धत सांगणारं एक छोटं लॅटिन पुस्तकही हुसच्या नावावर सांगितलं जातं.

पुढचं वेगाने सांगते. त्या काळी एकाच वेळी दोन आणि १४०९ पासून तीन पोप होते, आणि तिघेही एकमेकांना खोटं ठरवत. त्यांतल्या तेविसाव्या जॉनने नेपल्सच्या राजाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि १४१२ मध्ये त्याच्या खर्चासाठी प्रागमध्ये पापमुक्तिपत्रं विकायला पाठवली. हुसने भर चॅपेलमध्ये विरोध केला. तीन तरुणांनी चर्चमध्ये उभं राहून विक्रेत्यांना खोटारडे म्हटलं. त्यांची डोकी उडवली. त्यांची शवं लोकांनी खांद्यावरून बेथलेहेमला आणली आणि तिथेच पुरली. प्राग ज्याची राजधानी त्या बोहेमियाच्या राजाला पापमुक्तिपत्रांच्या विक्रीतून वाटा मिळत होता, त्यामुळे इथून हुसच्या मागचा राजाचा हात निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुसने शहर सोडलं आणि दक्षिण बोहेमियात उघड्या शिवारात प्रवचनं केली.

सम्राटपदाचा वारस सिगिस्मुंड याने अभयपत्र दिलं म्हणून हुस कॉन्स्टन्स शहरात भरलेल्या चर्चच्या परिषदेला गेला. नोव्हेंबर १४१४ च्या सुरुवातीला पोचला आणि महिना संपायच्या आत कैदेत पडला. पाखंड्याला दिलेला शब्द पाळणं बंधनकारक नाही, असं धर्ममार्तंडांनी सिगिस्मुंडला सांगितलं, आणि बोहेमियाच्या गादीवर त्याचा डोळा होता. आता ही तारीख बघ. ४ जुलै १४१५ ला तीनपैकी एका पोपने राजीनामा दिला, म्हणजे चर्चची फूट मिटवायचं त्या परिषदेचं थोर काम मार्गी लागत होतं. ६ जुलैला त्याच परिषदेने हुसला जाळलं. डोक्यावर सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी घातली. राख ऱ्हाईन नदीत टाकली. त्याच्याकडून फक्त एकच हवं होतं: मी चुकलो, असं म्हण. जी मतं मी कधी मांडलीच नाहीत ती मागे कशी घेऊ, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

त्या काटोलच्या मुलाला मी सांगितलं, त्याला जाळलं ते तो गप्प बसत नव्हता म्हणून, आणि तीन हजार माणसं त्याला ऐकत होती म्हणून. एकटाच बोलत असता तर कदाचित वाचला असता. सप्टेंबरमध्ये बोहेमिया आणि मोरावियाच्या ४५२ सरदारांनी आपापल्या शिक्क्यांनिशी परिषदेकडे निषेधाचं पत्र पाठवलं. पुढे १४२० मध्ये हुसच्या अनुयायांनी चार मागण्या लिहिल्या. देवाचा शब्द मोकळेपणाने सांगता यावा, ही त्यांतली एक. बाकीच्या तीन: प्रभुभोजनात सामान्यांनाही भाकरीबरोबर द्राक्षारस मिळावा, धर्मगुरूंकडे ऐहिक सत्ता नसावी, आणि उघड पापांना शिक्षा व्हावी, मग पापी कुणीही असो.

तुझ्या पुस्तकाच्या समासात हे लिहून ठेव. परीक्षेत दीड ओळीचेच गुण मिळतील, पण लिहून ठेव.

प्रश्न : मी नेमाने कीर्तनाला जाणारा माणूस आहे. आपल्याकडच्या कीर्तनासारखं त्या लोकांत काही होतं का? लोक किती वेळ बसत? बुवा कसे बोलत? (एक ज्येष्ठ वाचक, धंतोली)

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यांत जास्त आवडेल, कारण त्याचं उत्तर एका गरीब कारागिराने जपून ठेवलं आहे.

सिएना हे इटलीतलं शहर. तिथला काम्पो नावाचा चौक शिंपल्यासारखा उतरता आहे. १४२७ च्या १५ ऑगस्टपासून फ्रान्सिस्कन संन्यासी बर्नार्दिनो याने तिथे ४५ प्रवचनं केली. पहाटे, उन्हं यायच्या आत. नागपुरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडेही कार्यक्रम सकाळचेच ठेवतात. नगरपालिकेच्या इमारतीसमोर लाकडी मंच, आणि मध्ये एक कापड ताणून एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. सानो दि पिएत्रो या चित्रकाराने हे सगळं चित्रात काढून ठेवलंय. बर्नार्दिनोच्या हातात एक पाटी असे, तिच्यावर येशूच्या नावाची अक्षरं आणि भोवती सूर्याचे किरण. तिला लोक हात जोडत. नावाच्या भक्तीचा हा प्रकार मूर्तिपूजेकडे झुकतो म्हणून त्याच्यावर रोममध्ये आरोप ठेवला गेला होता. तो सुटला.

गर्दीत एक कातरकाम करणारा होता. विणून आलेल्या लोकरी कापडावर जे तंतू वर उठलेले असतात ते मोठ्या कातरीने कातरून कापड गुळगुळीत करायचं, हा त्याचा धंदा. नाव बेनेदेत्तो. घरी बायको, बरीच मुलं, पैसा बेताचा. तो मेणाच्या पाट्या घेऊन यायचा आणि टोकदार काडीने प्रवचन चालू असतानाच लिहायचा. प्रवचन संपलं की दुकानात जाऊन ते सगळं कागदावर उतरवायचा. आपल्या कामाला हात लावायच्या आधी असं दोनदा लिखाण. असं ४५ दिवस. त्याने एकही शब्द गाळला नाही, अगदी बुवांचे उद्गारसुद्धा. मध्येच बर्नार्दिनो कारंज्यापाशी सौदा करणाऱ्या बायकांना म्हणतो की बाजार दुसरीकडे भरवा, कुठे चौकात शिरलेल्या कुत्र्याला हाकलायला सांगतो. तेही बेनेदेत्तोने लिहून ठेवलं. सहाशे वर्षांनी ते वाचताना कुत्रं कुठून शिरलं असेल ते डोळ्यांपुढे येतं.

बर्नार्दिनो सांगायचा काय? व्याजबट्टा, गटबाजी, नवरा-बायकोची भांडणं, निंदानालस्ती. गोष्टीवर गोष्ट. आणि तो असंही म्हणाला की मिस्सा किंवा प्रवचन, दोन्हींपैकी एकच साधत असेल तर मिस्सा सोडा पण प्रवचन सोडू नका. एका संन्याशाने, परवाना असलेल्या, पुढे चर्चने संत ठरवलेल्या संन्याशाने हे म्हणावं! हुसचं बेथलेहेम आणि बर्नार्दिनोचा चौक एकमेकांच्या विरुद्ध पक्षांत होते, पण कान दोन्हीकडे सारखेच आसुसलेले होते.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. रात्रपाळी करून आले की चहा व्हायच्या आधी एका लांबट हिशेबाच्या वहीत लिहीत बसायचे: आदल्या दिवशी ऐकलेल्या कीर्तनातला अभंग, बुवांनी लावलेला अर्थ, सांगितलेला दृष्टांत. तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन ऐकायला मला खांद्यावर बसवून नेलं होतं त्यांनी. त्याचीही दोन पानं त्या वहीत आहेत. मधल्या एका ओळीत लिहिलंय, 'इथे पाऊस आला, लोक उठले नाहीत.' बेनेदेत्तोबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती वही कपाटातून काढून बाहेर ठेवली. ती अजून बाहेरच आहे.

आणि काका, आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभट माणसामाणसाकडे जाऊन चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते, स्वामींचं बोलणं जसंच्या तसं मिळावं म्हणून. केशिराजांनी संस्कृतात लिहायला घेतलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं: संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. सिएनाला हे ठाऊक नव्हतं आणि रिद्धपूरला सिएना ठाऊक नव्हतं. एकाने दुसऱ्यापासून घेतलं असं काही नाही. म्हातारी बाई समोर बसलेली असते, एवढंच दोन्हीकडे समान होतं.

प्रश्न : हुसने मरताना 'आज तुम्ही बदक भाजताय, शंभर वर्षांनी हंस येईल' असं भविष्य सांगितलं आणि तो हंस म्हणजे ल्यूथर, असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला. खरं आहे का? (एक वाचक, सदर)

असं तो मरताना म्हणाला, याला आधार नाही. चेक भाषेत 'हुसा' म्हणजे हंसकुळातलाच, पाळीव, बदकाहून मोठा पक्षी, आणि हुस आपल्या नावावरून स्वतःला तो दुबळा पक्षी म्हणवून घेई. एका पत्रात त्याने लिहिलं की या पाळीव पक्ष्याला जाळ्यात धरलं तरी पुढे उंच उडणारे दुसरे पक्षी येतील. हंस आणि शंभर वर्षं ही जोडणी ल्यूथरच्या लिखाणात १५३१ साली दिसते, आणि ती त्याने स्वतःला लावून घेतली. लोकांना ती इतकी भावली की जर्मनीतल्या कित्येक ल्यूथरपंथी चर्चवर कोंबड्याऐवजी हंसाचा वातकुक्कुट दिसतो. मेसेज पुढे पाठवलात तर खाली एवढं जोडा की हे शब्द ल्यूथरचे आहेत.

प्रश्न : मी गेली बारा वर्षं कीर्तन करते. अजूनही काही गावांत 'बाईचं कीर्तन' म्हटलं की नाकं मुरडतात. त्या काळी बायकांना बोलता येत होतं का? (एक कीर्तनकार, अंबाझरी)

ताई, चर्चच्या मंचावर उभं राहून नाही. त्या काळी कुठल्याही बाईला प्रवचनाचा परवाना मिळत नसे. म्हणून बायकांनी मंच सोडून बाकी सगळीकडे बोलायला सुरुवात केली.

इंग्लंडमध्ये लिन नावाच्या बंदरात मार्जरी केंप होती. नगराध्यक्षाची मुलगी, चौदा मुलांची आई, लिहिता येत नव्हतं. ती देवाबद्दल बोलायची, मोठमोठ्याने रडायची, पांढरे कपडे घालून गावोगाव फिरायची. १४१७ मध्ये यॉर्कच्या आर्चबिशपपुढे तिला उभं केलं. इंग्लंडमध्ये तेव्हा पाखंड्याला जाळायचा कायदा होऊन सोळा वर्षं झाली होती. एका धर्मगुरूने बायकांनी उपदेश करू नये हे बायबलमधलं वचन पुढे केलं. ती म्हणाली, मी कुठे मंचावर चढते? मी आपली चार माणसांशी चांगल्या गोष्टी बोलते. आर्चबिशप म्हणाले, माझ्या हद्दीत लोकांना शिकवणार नाही अशी शपथ घे. तिने घेतली नाही.

मग कुणीतरी तक्रार केली की ही धर्मगुरूंविषयी वाईट गोष्टी सांगते. आर्चबिशपांनी ती गोष्ट सांगायला लावली. तिने सांगितली: एक धर्मगुरू जंगलात वाट चुकला, रात्री एका बागेत थांबला. मध्ये नासपतीचं सुंदर झाड, फुलांनी लगडलेलं. एक अस्वल आलं, झाड हलवून त्याने सगळी फुलं खाल्ली, आणि मग धर्मगुरूकडे पाठ फिरवून ती मागच्या वाटेने बाहेर टाकली. धर्मगुरू अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या यात्रेकरूने त्याला अर्थ सांगितला की ते झाडही तूच आणि ते अस्वलही तूच. पूजाविधी करतोस ती फुलं, आणि नंतर जगतोस ते हे. आर्चबिशपांना गोष्ट आवडली. त्यांनी पाच शिलिंग देऊन एका माणसाबरोबर तिला हद्दीबाहेर पोचवलं. ताई, तुम्ही कीर्तनाच्या उत्तररंगात ही गोष्ट बिनधास्त लावा. तिने स्वतःची कहाणी दुसऱ्यांकडून लिहवून घेतली होती. पूर्ण हस्तलिखित १९३४ साली एका घरात सापडलं. तोवर या बाईचं नावही फार कुणाला ठाऊक नव्हतं.

सगळ्याच सुटल्या नाहीत. मार्गरीत पोरेत हिने देवप्रेमावर फ्रेंच भाषेत पुस्तक लिहिलं. ते जाळलं तरी ती लोकांना देत राहिली. खटल्यात तिने एकही शब्द उच्चारायला नकार दिला. १ जून १३१० ला पॅरिसच्या चौकात तिला जाळलं. पुस्तक मात्र शतकानुशतकं मठांतून निनावी वाचलं गेलं, आणि ते तिचं आहे हे १९४६ मध्ये ओळखलं गेलं.

प्रश्न : हे सगळे उपदेशक सज्जन होते, असं समजायचं का? चांगलं बोलणारा माणूस गर्दीला भडकवतोही. तसं काही तिथे झालं का? (एक वाचक, इंदोरा)

झालं. आणि हे मी गाळलं असतं तर वरची सगळी उत्तरं खोटी ठरली असती.

सेव्हिलमध्ये फेर्रान मार्तिनेस नावाचा धर्माधिकारी १३७८ पासून ज्यूंविरुद्ध प्रवचनं करत होता. राजाने ताकीद दिली, आर्चबिशपने मनाई केली, तो थांबला नाही. ६ जून १३९१ ला ज्यू वस्तीवर हल्ला झाला, कत्तल झाली आणि आग कोर्दोबा, वालेन्सिया, बार्सिलोनापर्यंत गेली. हजारोंनी जीव वाचवायला धर्म बदलला. वर्ष नीट बघा: १३९१. त्याच वर्षी प्रागमध्ये बेथलेहेम चॅपेल उभं राहत होतं. मी वर्गात परवान्याविरुद्ध इतकं बोलायचे, आणि मार्तिनेसपाशी आले की माझी जीभ अडखळायची. इथे बंदी घालणारा आर्चबिशपच बरोबर होता.

आणि बर्नार्दिनो? ज्याला मी इतक्या प्रेमाने वर लिहिलं? तो ज्यूंशी व्यवहार करू नका म्हणायचा. समलिंगी पुरुषांविरुद्ध आगपाखड करायचा. चेटकिणींच्या विरोधात त्याने रोममध्ये प्रवचन केल्यावर तिथे एका बाईला जाळलं, आणि सिएनाच्या चौकात त्याने ही गोष्ट अभिमानाने सांगितली, तुम्हीही असंच करा म्हणून. आपल्याला हे कसं माहीत? बेनेदेत्तोने तेही लिहून ठेवलं. त्याने कुत्रं गाळलं नाही तसं हेही गाळलं नाही. त्या पानावर आले की मला त्या कापड कातरणाऱ्याच्या हाताचा विचार येतो. लिहिताना तो क्षणभर थांबला असेल का? पाटीवर मेण आहे, बुवा पुढच्या वाक्यावर गेलेत, थांबायला वेळच नाही.

तुमच्या प्रश्नामागची चिंता मी समजू शकते. आपण दोघं ज्या शहरात राहतो तिथे १९५६ साली लाखो माणसं शांतपणे एका माणसाचं बोलणं ऐकायला जमली होती आणि स्वतःचं आयुष्य बदलून परत गेली होती. गर्दीचं तेही रूप आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मी प्रवचनाला घाबरून त्याकडे पाठ फिरवत नाही. पण कुणी आपल्या शेजाऱ्याबद्दल बोलायला लागलं की मी कान टवकारते.

प्रश्न : वायक्लिफची हाडं उकरून जाळली असं वाचलं. मेलेल्या माणसाला शिक्षा करून काय मिळालं? (एक वाचक, इतवारी)

वायक्लिफ १३८४ मध्ये आपल्या अंथरुणात मेला, ऑक्सफर्डचा मोठा विद्वान. त्याची पुस्तकं प्रागला गेली आणि हुसने ती वाचली, त्यामुळे कॉन्स्टन्सच्या परिषदेने हुसच्या आधी वायक्लिफला पाखंडी ठरवलं. पाखंड्याला पवित्र जमिनीत जागा नाही, म्हणून १४२८ मध्ये हाडं काढून जाळली आणि राख स्विफ्ट नावाच्या ओढ्यात टाकली. मिळालं काय, तर कबर उरली नाही, म्हणजे कुणी तिथे फूल ठेवायला जाऊ नये. हुसची राख नदीत टाकण्यामागेही हाच हिशेब होता. वायक्लिफच्या अनुयायांनी इंग्रजीत केलेल्या बायबलच्या अडीचशेच्या आसपास हस्तलिखित प्रती, पूर्ण वा अपूर्ण, आजही शिल्लक आहेत.

प्रश्न : मुलगा प्रागला नोकरीला आहे, दिवाळीत जाणार आहोत. बेथलेहेम चॅपेल अजून आहे का? (एक दांपत्य, प्रतापनगर)

आहे आणि नाही. मूळ वास्तू १७८६ मध्ये पाडली. तीन भिंतींचे भाग शेजारच्या घरांत शिल्लक होते. त्यांच्या आधाराने १९५० च्या दशकात ती पुन्हा बांधली. मी सेवानिवृत्तीनंतर जाऊन आले. बाहेरून दोन टोकदार छपरं शेजारी शेजारी, आत एक प्रचंड साधं दालन. वेदीपेक्षा बोलायच्या जागेकडेच लक्ष जातं, ती भिंतीवर उंच आहे. जुन्या भिंतींवर काही ठिकाणी पुसट अक्षरं दिसतात.

घाईने चित्रं बघून बाहेर पडू नका. दालनात एक विहीर आहे. चॅपेल बांधलं त्याच्या आधीपासून वस्ती तिथे पाणी भरायची, आणि बांधणाऱ्यांनी विहीर बुजवली नाही, आतच घेतली. मला ते आधी ठाऊक नव्हतं. पहारेकऱ्याने खुणेने बोलावून दाखवलं. काठाशी उभं राहून मी त्या बायांचा विचार करत होते, ज्या घागर घेऊन आल्या असतील आणि प्रवचन सुरू आहे म्हणून ती खाली ठेवून तिथेच बसल्या असतील.